कविता ठेवू, चित्रं बदलू : एका वात्रटिकाकार-चित्रकाराच्या पुस्तकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या कवीला आपण नाना म्हणू. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कोणता प्रश्न कधी पुढे आला आणि तेव्हा काय ठरलं, तेवढं मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे. मी पुस्तकांच्या संपादनाचं काम करतो. लेखकांचे करार वाचून देणं ही त्या कामाची बिनपगारी बाजू, आणि नाना माझ्याकडे आले ते त्यासाठीच.

नाना ७१ वर्षांचे. तरुणपणी सहा वर्षं एका साप्ताहिकात पगारी सजावटकार होते, पुढे निवृत्त होईपर्यंत शाळेत चित्रकला शिकवली. या सगळ्या काळात, म्हणजे जवळजवळ ४५ वर्षं, त्यांची एक चौकट ठिकठिकाणी येत राहिली: वर चार ओळी, खाली काळ्या शाईतलं एक चित्र, कोपऱ्यात दोन्हींची मिळून एकच सही. मराठीत अशा चौकटीला घर दिलं ते मुख्यतः दिवाळी अंकांनी. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला आणि पुढे या अंकांमध्ये विनोदाची पानं अशी रुजली की अंक हातात आल्यावर आधी तीच उघडणारे वाचक आजही आहेत. नाना त्या पानांवरचे. मुखपृष्ठावर त्यांचं नाव कधी आलं नाही, पण आतल्या पानावर हमखास असायचं.

त्यांची काम करायची रीत कळल्याशिवाय पुढचा पेच कळणार नाही, म्हणून एक चौकट दाखवतो.

फाइल नाही, फाइल नाही,
पंधरा दिवस हा शोध सुरू;
रोज शिपाई चहा ठेवतो,
साहेब म्हणाले, 'काय करू?'

नुसत्या ओळी वाचल्या तर ठीकठाक आहेत. सोळा मात्रांचं पादाकुलक वृत्त, यमक जुळलेलं, पण हसू काही येत नाही. आता खालचं चित्र. साहेब कपाट उपसतायत, शिपाई दारात उभा आहे, आणि टेबलावर चहाचा ग्लास ठेवलाय तो एका जाड फाइलीवर. फाइलीच्या पुठ्ठ्यावर ग्लासाच्या बुडाचे गोल डाग आहेत. मी मोजले, चौदा आहेत. पंधरावा ग्लासाखाली.

नानांचा विनोद नेहमी असा चित्रात लपलेला असतो आणि कविता मुद्दाम गप्प राहते. 'ओळीत सांगितलं तर चित्र कशाला काढू?' असं ते म्हणतात.

पेच

ऑगस्टमध्ये एका प्रकाशकाचं पत्र आलं. निवडक १२० वात्रटिकांचं पुस्तक दिवाळीच्या आधी काढायचं होतं. कागद चांगला, बांधणी पक्की. पण दोन अटी होत्या. चित्रं एका तरुण चित्रकर्तीकडून नव्याने, रंगीत काढून घेतली जातील, आणि ४०,००० रुपये एकरकमी देऊन 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी' प्रकाशकाकडे जातील.

नानांना पहिली अट खुपली, दुसरी नाही. त्यांच्या आयुष्यात चार ओळींचे कोणी चाळीस हजार दिले नव्हते. त्यांच्या मुलीला नेमकं उलट वाटत होतं: चित्रं बदलली तर बदलू देत, पण कायमस्वरूपी म्हणजे काय? बापलेकींचं यावरून घरात दोन दिवस वाजलं, आणि तिसऱ्या दिवशी दोघं माझ्याकडे आली.

मला दोघांचं एकाच वेळी पटलं, आणि गाठ तिथेच होती. नानांच्या लेखी ती चौकट म्हणजे एक वस्तू. कायद्याच्या लेखी दोन. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कविता ही साहित्यकृती आणि चित्र ही कलाकृती. दोन्हींचा कॉपीराइट वेगळा, दोन्हींची मालकी वेगवेगळ्या माणसांकडे असू शकते, आणि एक विकून दुसरी ठेवता येते. प्रकाशक फक्त कविता मागत होता यात बेकायदा काही नव्हतं.

त्यात आणखी एक मेख होती. कलम १७ नुसार कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता, पण याला अपवाद आहेत आणि त्यातले दोन थेट नानांना लागू पडण्यासारखे. नियतकालिकात नोकरी करताना त्या नियतकालिकासाठी केलेलं काम नियतकालिकात छापण्यापुरतं मालकाचं ठरतं, बाकी बाबतींत कर्त्याचं राहतं. म्हणजे साप्ताहिकातल्या सहा वर्षांचं काम. दुसरा अपवाद जास्त बोचरा: पैसे देऊन सांगून काढून घेतलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट, वेगळा करार नसेल तर, काढायला सांगणाऱ्याच्या मालकीचं. काळ्या शाईचं रेखाटन यात बसतं का, यावर दोन वकील दोन तास वाद घालू शकतील. पण कवितेला असला अपवाद नाही. थोडक्यात, एखाद्या संपादकाने फर्माइशीने काढून घेतलेल्या चौकटीत ओळी निर्विवाद नानांच्या आणि चित्राबद्दल शंका, असं होऊ शकत होतं. ज्या अर्ध्या भागासाठी नाना भांडायला निघाले होते, तोच कच्चा.

हे सांगितल्यावर नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'म्हणजे डाग माझे आणि फाइल त्यांची?'

कोणते मार्ग होते

सही करून मोकळं होणं हा पहिला मार्ग, आणि तो मी हसण्यावारी नेला नाही. ७१ व्या वर्षी हातात येणारे चाळीस हजार आणि पुढची कटकट नाही, याला किंमत आहे. पण एकरकमी विक्रीत हिशेब चुकतो तो कुठे, याचं जुनं उदाहरण याच जातीच्या कवी-चित्रकाराचं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज एडवर्ड लिअरने स्वतःच चितारलेल्या विनोदी पद्यांच्या पुस्तकाचे हक्क प्रकाशकाला १२५ पौंडांना विकून टाकले. नंतर त्याच्या हयातीतच त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. मी हे नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी उलट विचारलं, 'आणि नसत्या निघाल्या तर?' प्रश्न रास्त होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

स्वतः छापणं हा दुसरा मार्ग मुलीला आवडला होता. चित्र आणि ओळ पानावर कुठे बसावी हे शेवटपर्यंत कवीच्या हातात ठेवायचं तर छपाई ताब्यात हवी, हे खरंच. बंगालीत सुकुमार राय यांना ते साधलं, कारण छापखाना घरचा होता आणि ते स्वतः लंडनला जाऊन छपाईतंत्र शिकून आले होते. १९२३ मध्ये आजारपणात अंथरुणावरूनही ते आपल्या चित्रकवितांच्या पुस्तकाच्या जुळणीत लक्ष घालत होते. पुस्तक बाहेर आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी. नानांच्या घरी छापखाना नव्हता, आणि हजार प्रती पलंगाखाली ठेवून त्या विकायची उमेद कोणातच नव्हती. हा मार्ग एका संध्याकाळीत मागे पडला.

मुलीने मग तोडगा सुचवला की कविता देऊ, चित्रं राखून ठेवू, आणि चित्रांचं वेगळं पुस्तक पुढे करू. कागदावर छान दिसतो. पण फाइलीची चौकट पुन्हा बघा. ओळींशिवाय ते चित्र म्हणजे कचेरीतली गर्दी, आणि चित्राशिवाय ओळी म्हणजे तक्रार. दोन्ही पुस्तकं लंगडी झाली असती.

उरला तो वाटाघाटीचा मार्ग: हक्क विकायचे नाहीत, ठराविक वर्षांसाठी, ठराविक स्वरूपात छापायचा परवाना द्यायचा, आणि चित्र व ओळ वेगळी करता येणार नाही हे करारात लिहून घ्यायचं. यात धोका एकच, प्रकाशक 'राहू द्या' म्हणू शकत होता. नानांना मी स्पष्ट विचारलं की पुस्तकच झालं नाही तर चालेल का. त्यांनी एक रात्र मागितली. सकाळी फोन आला, 'चालेल. पण तू आधी जाऊन तर ये.'

एका ओळखीच्या वकिलांनी आणखी एक सुचवलं होतं: कलम ५७. कृतीची मोडतोड होऊन कर्त्याच्या नावलौकिकाला बाधा येत असेल, तर हक्क विकल्यानंतरही कर्ता दाद मागू शकतो. हे कलम खरंच दमदार आहे. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवलं गेलं, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे त्यांच्या बाजूने निकाल दिला. निकालाचं साल २००५. मधली २६ वर्षं नानांकडे आहेत का, एवढंच मी वकिलांना विचारलं. शिवाय इथे मोडतोड होती का, हाही प्रश्नच. कवितेशेजारी दुसऱ्याचं चित्र लावणं म्हणजे कवितेचं विद्रूपीकरण, हे कोर्टाला पटवायचं म्हणजे आधी विनोद समजावून सांगायचा, आणि समजावून सांगितलेल्या विनोदाला हसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

काय केलं

प्रकाशकाकडे जाण्याआधी माल मोजला. नानांच्या खोलीतल्या पलंगावर सगळं पसरलं: पिवळ्या पाकिटांतली मूळ चित्रं, अंकांची कात्रणं, दोन वह्या. मुलीने एका रजिस्टरात रकाने आखले: ओळींची सुरुवात, कुठे छापली, साल, नोकरीत की बाहेरून, चित्र आधी की कविता आधी, मूळ कागद आहे की नाही. शेवटच्या रकान्याने झोप उडवली. १२० पैकी मूळ चित्रं सापडली ७१. जुन्या काळी चित्र ब्लॉक करायला जायचं, जस्ताचा ठसा होऊन यायचा, आणि मूळ कागद छापखान्यातून परत आणायला कोण जातंय? उरलेल्यांपैकी काही नानांनी घरी आलेल्या पाहुण्यांना सही करून देऊन टाकली होती, अगदी अलीकडेपर्यंत. नशीब एवढंच की कागद दिला म्हणून कॉपीराइट जात नाही. तो लेखी हस्तांतराशिवाय हलत नाही.

आणखी एक कागद निघाला, आणि तो पाहून माझ्या पोटात गोळा आला. २००९ साली नानांनी दुसऱ्या एका प्रकाशकाला ४० वात्रटिकांची पुस्तिका काढायला पत्र दिलं होतं: 'सदर पुस्तक प्रकाशित करण्याचे हक्क आपणांस देत आहे.' एवढंच वाक्य, खाली सही. आम्ही निवडलेल्या १२० मध्ये त्यातल्या २६ होत्या. इथे कायदा नानांच्या मदतीला आला. कलम १९ सांगतं की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरावी, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे २०१४ लाच ते हक्क परत आले होते. अर्धवट लिहिलेल्या पत्राने एवढं भलं केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. नव्या प्रकाशकाच्या मसुद्यात मात्र 'कायमस्वरूपी' हा शब्द छापील होता, तिथे हे कलम कामाला आलं नसतं.

रजिस्टरावरून तीन ढीग पडले. बाहेरून पाठवलेल्या ७८ चौकटी नानांच्याच. साप्ताहिकातल्या नोकरीच्या काळातल्या १९. पुस्तकासाठी त्यांचे हक्क कायद्याने नानांकडेच होते, तरी जुन्या मालकांच्या वारसांकडून दोन ओळींचं ना-हरकत पत्र आणलं. गरज नव्हती, पण प्रकाशकाला कागद दिसला की बरं वाटतं. उरल्या फर्माइशीच्या २३. तिथे नानांनीच निर्णय घेतला. सातांवर फुली मारली ('त्या तशाही बऱ्या नव्हत्या'), पाचांना संबंधित संपादकांनी लेखी संमती दिली, आणि ११ चित्रं नव्याने काढायची ठरली. नव्याने म्हणजे खरोखर नव्याने, वेगळ्या मांडणीत. मालकी दुसऱ्याची असलेल्या आपल्याच जुन्या चित्राची नक्कल करायची मोकळीक कायदा कलावंतालाही देत नाही.

या अकरांना सहा आठवडे लागले. नानांचा हात आता थोडा कापतो. बोरू आणि शाईने ओढलेली रेघ लपवता येत नाही. पहिली तीन चित्रं त्यांनी फाडली, मग कागद मोठा घेतला, दुप्पट मापात काढलं, आणि छपाईत लहान करायचं ठरवलं. निम्म्यावर आणलं की कंपही निम्मा होतो. ही युक्ती त्यांना शाळेत शिकवताना सुचली होती म्हणे.

प्रकाशकाशी बैठक सप्टेंबरच्या शेवटी झाली. माणूस वाईट नव्हता, हे लिहायलाच हवं. त्याची भीती धंद्याची होती: काळीपांढरी चित्रं दुकानात जुनाट दिसतात, पुस्तक चाळणारा हात पुढे सरकतो. त्याने नमुना म्हणून चित्रकर्तीकडून फाइलीचंच पान करून घेतलं होतं. सुंदर होतं ते. फाइलींचा डोंगर, डोक्याला हात लावलेले साहेब, खिडकीतून येणारं पिवळं ऊन. ग्लास शिपायाच्या हातात.

मी वाद घातला नाही. हिशेबाचं काम बघणारे एक गृहस्थ शेजारच्या टेबलावर होते, त्यांना नवं पान वाचायला दिलं. त्यांनी वाचलं, उलटून मागे पाहिलं, आणि विचारलं, 'मग?' त्यांना नानांचं पान दिलं. काही सेकंद काहीच नाही. मग त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं आणि बोटाने डाग मोजायला लागले.

प्रकाशकाने त्या दिवशी हो म्हटलं नाही. चार दिवसांनी म्हटलं.

ठरलं ते असं. छापील मराठी पुस्तकाचा परवाना, सात वर्षं. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. छापील किमतीवर दहा टक्के रॉयल्टी, त्यातले १५,००० रुपये आगाऊ. ई-पुस्तक, कॅलेंडर, शुभेच्छापत्रं, अनुवाद हे सगळं नानांकडे. चित्र आणि ओळी वेगळ्या छापायच्या नाहीत. चित्र कापणं, उलटं फिरवणं, रंग भरणं लेखी संमतीशिवाय नाही. यातलं शेवटचं कलम नानांनी स्वतः सांगितलं. एकदा एका अंकाने जागेसाठी चित्र आरशासारखं उलटवलं होतं आणि त्यांचा न्हावी डावखुरा झाला होता.

मुखपृष्ठ मात्र रंगीत, आणि ते त्याच तरुण चित्रकर्तीने केलं.

निष्पत्ती

दिवाळी हुकली. ११ चित्रं आणि स्कॅनिंग मिळून वेळ गेला. मूळ चित्रं १२०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला १२०० ठिपके) निव्वळ काळंपांढरं अशी स्कॅन केली, पण जुन्या अंकांतून उचललेल्या पानांवर शाई पसरलेली होती आणि प्रत्येक रेघ पडद्यावर बसून साफ करावी लागली. पुस्तक जानेवारीत आलं, म्हणजे वाचकांचे खिसे रिकामे असतात तेव्हा. ११३ वात्रटिका, किंमत २५० रुपये. पहिल्या १४ महिन्यांत ६४० प्रती गेल्या. रॉयल्टी झाली १६,०००.

एका कॅलेंडरवाल्यांनी बारा चौकटी मागितल्या आणि एका वर्षाच्या वापराचे १८,००० दिले. एकरकमी करारावर सही केली असती तर हे पैसे प्रकाशकाकडे गेले असते.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक त्या चित्रकर्तीबाबतची. तिचं काम नको आहे हे तिला प्रकाशकाच्या माणसाकडून, तेही आडून कळलं. मी तिला बैठकीआधी एक फोन करायला हवा होता. तिने नमुना पान फुकट करून दिलं होतं हे मला नंतर समजलं. मुखपृष्ठाचं काम तिने घेतलं, चोख केलं, पण प्रकाशनाला आली नाही, आणि तिची नाराजी मला आजही रास्त वाटते.

२००९ चं पत्र मला मोजणीच्या तिसऱ्या दिवशी दिसलं. ते पहिल्या दिवशी मागायला हवं होतं: 'याआधी कुठे सही केलीय का?' नानांनी लपवलं नव्हतं, त्यांना ते करारासारखं वाटलंच नव्हतं. साधं पत्रच ते. हा प्रश्न आता मी चहा येण्याआधी विचारतो.

दिवाळीचा हट्ट मी सप्टेंबरमध्येच सोडायला लावायला हवा होता. तारीख डोक्यावर असल्यामुळे नानांनी नव्या चित्रांपैकी शेवटची दोन घाईत काढली आणि ती तशी दिसतात. चित्रांची मागणी आधीच्या उन्हाळ्यात सुरू झाली असती तर हातालाही विश्रांती मिळाली असती.

सही करून पैसे घेणंच शहाणपणाचं होतं का, या प्रश्नावर माझं मत अजून डळमळतं. मुलगी नाही म्हणते. कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, आणि ती हिशेब तिथपर्यंत करते. नानांनी तिच्या सांगण्यावरून मृत्युपत्रात कविता आणि चित्रं दोन्हींचा वेगवेगळा उल्लेख करून घेतलाय. पाहुण्यांना चित्र द्यायचं तर आता आधी स्कॅन, मग सही.

नानांचा हिशेब जवळचा आहे. गेल्या महिन्यात भेटलो तेव्हा रजिस्टरच्या मागच्या पानावर त्यांनी बेरीज मांडून ठेवली होती. सोळा अधिक अठरा, चौतीस. पुढे चाळीस लिहून वजाबाकी केलेली, आणि उरलेल्या सहावर ग्लास ठेवून ते चहा पीत होते.